खरपा ओळखावा कसा?



मासे धरणारा गडी संध्याकाळी काठावर येतो. टोपली उपडी करतो. मोठे मासे एकीकडे, मध्यम दुसरीकडे. उरतो तो बोटभर, वीतभर माशांचा ढीग. तो वजनाला जातो. वहीत त्याच्यापुढे एकच शब्द पडतो: "किरकोळ."

या किरकोळ ढिगात काय काय असते, हे कोणी बघत नाही. त्यात पाच-सहा कुळांचे मासे असतात. कोणी दगड चाटून जगतो, कोणी वाळूत दडून राहतो, तर कोणी अंड्यांची राखण करतो. पण वहीत सगळ्यांना मिळून एकच नाव.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. बिघडते ते असे. ज्याचे नाव वहीत नाही, तो नदीतून नाहीसा झाला तरी कोणाला कळत नाही. गावच्या पटावर नाव नसलेला मुलगा शाळेत आला काय नि न आला काय, हजेरी पुरीच भरते. माशांचेही तसेच आहे.

म्हणून या धड्यात आपण किरकोळ ढिगातला एकच मासा उचलू आणि त्याला नीट ओळखू. त्याचे नाव खरपा.

नावांचा घोटाळा

पहिली अडचण नावाचीच. कराडच्या बाजारात असे बोलणे कानावर पडते:

"दादा, ह्यो कंचा मासा म्हनायचा?"

"खरपा हाय, मावशी. ताजा हाय, घ्या."

"आमच्याकडं चिपळुनाला ह्येला खरबी म्हनतात."

"म्हनत असतील. पर मासा त्योच."

तोच कशावरून? कोणी खरपा म्हणतो, कोणी खरबा, कोणी खरबी. घाट उतरला की नाव बदलते. कधी मासा एक आणि नावे तीन. कधी उलटे होते. नाव एक, आणि त्या नावाखाली दोन-तीन निरनिराळे मासे खपतात. दगडाला चिकटणारा कोणताही मासा दिसला की आपण एकच नाव ठोकून देतो.

मग खरे काय? नावावरून मासा ओळखू नये. आधी मासा बघावा. मग नाव लावावे.

हातात घ्या, बघा

पुष्कळ लोक मासा रंगावरून ओळखतात. रंग फसवा आहे. गढूळ पाण्यातला मासा फिका दिसतो, काळ्या दगडांतला गडद दिसतो. मेल्यावर तर रंग उडूनच जातो. आकारही फसवा. आज बोटाएवढा दिसणारा मासा पुढल्या वर्षी वीतभर होईल. म्हणून रंग आणि आकार यांना साक्षीला बोलवा, पण निकाल त्यांच्या सांगण्यावर देऊ नका.

निकाल द्यायचा शरीराच्या ठेवणीवर. ठेवण बदलत नाही. पुढच्या खुणा क्रमाने बघा.

पहिली खूण, पोटाकडची. मासा ओल्या तळहातावर उताणा धरा. बहुतेक माशांना पोटाखाली दोन सुटे पर असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. खरप्याचे हे दोन पर एकमेकांना जोडलेले असतात. त्यांचा मिळून एक द्रोण झालेला असतो. पंगतीत आमटीला पानांचा द्रोण असतो ना, तसाच हा छोटा द्रोण. तळाशी बसताना मासा तो दगडावर टेकतो. वाहत्या पाण्यात त्याला त्याचा आधार होतो. ही खूण सर्वांत मोठी. ती आधी बघा.

दुसरी खूण, पाठीवरची. खरप्याच्या पाठीवर दोन पर असतात. पुढचा आखूड, मागचा लांब. दोहोंच्या मध्ये फट असते. पुढच्या परात सहा काटे असतात. ते लवचीक असतात, बोटात रुतत नाहीत. काडीने पर अलगद उचला आणि काटे मोजा.

तिसरी खूण, डोक्याची. डोके वरून चपटे असते. डोळे बाजूला नसून वर सरकलेले असतात. तळाशी बसून वर नजर ठेवणाऱ्याला डोळे वरच हवेत. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. तोंडाभोवती मिशा मुळीच नसतात.

चौथी खूण, जिभेची. तोंड हलकेच उघडा. जिभेचे टोक मधोमध कापल्यासारखे, दुभंगलेले दिसते. लहान माशात हे दिसायला कठीण जाते. एखाद्या मोठ्या खरप्यात बघून घ्या.

पाचवी खूण, अंगाची. अंगावर खवले असतात. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत मोजले तर ते तीस-पस्तीस भरतात. रंग पिवळट तपकिरी असतो. कुशीवर पाच-सहा काळपट डाग एका रांगेत असतात. शेपटीचा पर गोलसर असतो.

पाचही खुणा जुळल्या तर मासा खरपा. पहिलीच जुळली नाही, तर बाकीच्या बघण्याचे कारण नाही.

फसवणारे शेजारी

आता ज्यांच्यामुळे घोटाळा होतो, ते मासे बघू.

मरळीचे पिल्लू. मरळीचे डोकेही चपटे, अंगही लांबट. लांबून बघणारा हमखास फसतो. पण मरळीच्या पाठीवर एकच लांबलचक पर असतो, तो मानेपासून शेपटीजवळ जातो. पोटाखालचे पर सुटे असतात. डोक्यावर सापाच्या डोक्यासारखे मोठे खवले असतात. शिवाय मरळ हवा घ्यायला पुन्हा पुन्हा पाण्यावर येते. खरपा तळ सोडत नाही.

मळ्या. हाही दगडाला चिकटतो. पण कशाने, ते बघा. मळ्याच्या तोंडाखाली, हनुवटीच्या जागी, एक चकती असते. त्या चकतीने तो दगड धरतो. त्याच्या पोटाखालचे पर सुटे असतात आणि पाठीवर पर एकच असतो.

मुरा. हा बोटाएवढा, अंगावर आडवे पट्टे असलेला मासा. वाळूत, खड्यांत राहतो. त्याच्या तोंडाभोवती बारीक मिशा असतात. मिशा दिसल्या की खरपा नव्हे, हे पक्के.

शिंगट्याच्या गोतातला एक छोटा मासाही खडकाला चिकटतो. त्याला खवले नसतात, मिशा असतात. छातीवर कातडीच्या बारीक घड्या असतात. त्या घड्यांनी तो खडक धरतो. शिंगट्याच्या जातीचा मासा हाताळताना जपा. त्याच्या पाठीचा आणि कल्ल्यांमागचा काटा टोकदार असतो. बोटात शिरला तर ठणका लागतो.

बघा, चिकटणारे तिघे. एक छातीने चिकटतो, एक हनुवटीने, एक पोटाखालच्या परांनी. नदी एक, गरजही एकच, की धारेत वाहून जाऊ नये. पण प्रत्येकाने उपाय वेगळा काढला. उपाय सारखा दिसला म्हणून नाते जुळत नाही. गवंडी आणि कुंभार दोघेही मातीत हात घालतात, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

कूळ, वंश, जात

शास्त्रज्ञ हेच काम व्यवस्थित करतात. ते सारख्या ठेवणीचे प्राणी एकत्र लावतात. त्याला वर्गीकरण म्हणतात. आपल्या घरातही वर्गीकरण असतेच. धान्य कणगीत, भांडी फळीवर, औजारे पडवीत. धान्यातही ज्वारी वेगळी, भात वेगळा. भातातही आंबेमोहोर वेगळा, इंद्रायणी वेगळा.

तसेच माशांचे. मोठा गट म्हणजे कूळ. त्याच्या आत वंश. त्याच्या आत जात. इथे जात म्हणजे निसर्गाने पाडलेला प्रकार. माणसांतल्या उच्चनीच जाती माणसांनी मांडल्या. त्यांचा याच्याशी संबंध नाही.

खरप्याचे कूळ गोबी. हिंदीत फ्लॉवरच्या भाजीला गोबी म्हणतात, ती ही नव्हे. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. गोबींचे जगभर दोन हजारांच्या आसपास प्रकार आहेत. बहुतेक लहान असतात. फिलिपाईन्स देशातला एक गोबी पुरा वाढला तरी जेमतेम एक सेंटिमीटरचा भरतो, म्हणजे तुरीच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा. या कुळातल्या बहुतेक माशांत नर अंड्यांची राखण करतो. आपला खरपा त्या मानाने धिप्पाड. तो वीतभर तर होतोच, कधी त्याहून बराच मोठाही होतो. किडे, झिंगे, छोटे मासे खातो.

प्रत्येक प्राण्याला शास्त्रात दोन शब्दांचे नाव असते. आधी आडनाव, मग नाव. आधी वंश, मग जात. ही रीत स्वीडन देशातल्या लिनिअसने घालून दिली. प्राण्यांच्या नावांचा हिशेब त्याच्या १७५८ सालच्या पुस्तकापासून धरतात. खरप्याचे शास्त्रातले नाव आहे ग्लॉसोगोबिअस गिउरिस. उच्चार अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. ग्लॉसा म्हणजे ग्रीक भाषेत जीभ. जिभेवरून ओळखू येणारा गोबी. चौथी खूण आठवली ना? ती खूण या नावातच आहे. गिल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८५९ साली हा वंश वेगळा काढला.

आता तुम्ही म्हणाल, हे परदेशी नाव कशाला? आपले खरपा काय वाईट? वाईट मुळीच नाही. पण कराडचा खरपा, चिपळूणची खरबी आणि बंगालमधला मासा एकच आहे, हे सांगायला सगळ्यांना मान्य असे एक नाव लागते. घरात मुलाला बाळ्या म्हणा, बंड्या म्हणा. शाळेच्या दाखल्यावर एकच नाव चालते.

करपा: एका अक्षराची गोष्ट

या खरप्याचे मराठी नाव एकदा जगाच्या दप्तरात चढले होते. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमले. त्याने पिके, लोकसंख्या, हवामान यांची माहिती जमवली. पक्षी बघितले. मासेही बघितले. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवरचा लेख लंडनमध्ये छापला.

या लेखातली गंमत अशी. त्याने पुष्कळ माशांना शास्त्रीय नावे देताना इथलीच मराठी नावे वापरली. मळ्या, कोळस, खुद्री, मुरे ही नावे त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिली आणि शास्त्रात ती रूढ झाली. मळ्याचे शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या असेच आहे. जपानमधला किंवा ब्राझीलमधला शास्त्रज्ञ हा मासा लिहितो, तेव्हा तो आपल्या नदीकाठचाच शब्द लिहितो.

त्याच लेखात एक गोबीही होता. त्याचे नाव साइक्सने ठेवले गोबिअस करपा. खरपा आणि करपा, अंतर एका अक्षराचे. ख चा क झाला, एवढेच.

मग ते नाव टिकले का नाही? कारण त्याच्या सतरा वर्षे आधी, १८२२ साली, फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने गंगेच्या माशांवर पुस्तक छापले होते. त्यात हाच मासा गिउरिस या नावाने आलेला होता. पुढे शास्त्रज्ञांनी ठेवण ताडून बघितली. द्रोण तोच, पर तेच, जीभ तीच. गंगेचा मासा आणि दख्खनचा मासा एकाच जातीचे निघाले. शास्त्राचा नियम असा की एका जातीला दोन नावे पडली, तर आधी छापलेले नाव कायम. मागचे नाव रद्द. म्हणून गिउरिस राहिले, करपा मागे पडले.

ज्याची नोंद आधी, त्याचे नाव कायम. आपल्याकडे जमिनीच्या कागदांवरून भांडणे झाली की हीच तारीख शोधतात. तोंडी सांगणारे शंभर असतात. पण विचारले जाते, कागद कुठे आहे, तारीख कोणती.

आता एका गोष्टीचा विचार करा. साइक्स परक्या देशातून आला होता. खरपा, मळ्या, मुरा ही नावे त्याला कोणी सांगितली असतील? नदीत जाळे टाकणाऱ्या कोणा मराठी माणसानेच ना? त्या माणसाला मासे साहेबापेक्षा जास्त माहीत होते. कोणता कुठे सापडतो, कधी सापडतो, काय खातो, सगळे त्याच्या जिभेवर होते. पण ते त्याने लिहिले नाही. साइक्सने लिहिले. म्हणून पुस्तकात साइक्सचे नाव आहे आणि त्या माणसाचे नाही.

ज्ञान त्याच्याजवळ होते. अक्षर नव्हते. तुमच्याजवळ आता दोन्ही आहेत.

बादशहा आणि खरपा

मासे ओळखणे हे पोटामागे लागलेल्या माणसाचे काम आहे, किंवा रिकामटेकड्याचे, असे कोणाला वाटेल. तर ऐका.

जपान देशाचे सम्राट अकिहितो १९८९ ते २०१९ पर्यंत गादीवर होते. ते जन्मभर गोबी माशांचे अभ्यासक आहेत. युवराज असताना, १९६३ साली, त्यांनी गोबींच्या खांद्याच्या हाडावर लेख लिहिला. हाडाच्या ठेवणीवरून कूळ-वंश कसे ओळखावेत, हा त्याचा विषय. पुढे त्यांनी खरप्याच्याच वंशात लक्ष घातले. गोबींच्या गालावर अगदी बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात. पाण्याची हालचाल मासा त्यांनी ओळखतो. या ओळी मोजून, एकमेकींशी ताडून १९७५ साली त्यांनी आणि एका सहकाऱ्याने खरप्याची एक भावकी वेगळी काढली. तिचे नाव ग्लॉसोगोबिअस ऑरिअस. तोवर दोघांची गल्लत होत होती.

२०२१ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांच्या लेखात गोबींच्या आणखी दोन नव्या जाती प्रसिद्ध झाल्या. भिंग घेऊन, ठिपके मोजत. या वयात आता काय शिकायचे, असे रात्रीच्या वर्गाला कोणी म्हणाले, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

घाटाखालचा भाऊबंद

आता आपल्या नदीकडे वळू. कोयना महाबळेश्वरात उगम पावते. हेळवाकपर्यंत दक्षिणेला येते आणि तिथे एकदम पूर्वेला वळते. पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळते. कृष्णेतून तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. ही झाली देवाने घालून दिलेली वाट.

धरण झाले आणि माणसाने दुसरी वाट काढली. शिवसागराचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे जाते. तिथे वीज करते. मग वाशिष्ठी नदीत पडते, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते आणि अरबी समुद्राला मिळते. पाण्याचा थेंब पूर्वेला जायचा तो पश्चिमेला जातो.

त्या खाडीच्या चिखलात एक विचित्र मासा राहतो. ओहोटी लागली की तो पाण्याबाहेर येतो, चिखलावर उड्या मारतो. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. कोकणातले लोक त्याला निवटा किंवा निवटी म्हणतात आणि आवडीने खातात. घाटावरच्या माणसाने तो बघितला तर म्हणेल, हा मासा का बेडूक?

त्याला उताणा करा. पोटाखाली बघा. तिथेही पर जोडलेले, द्रोण झालेला. पाठीवर दोन पर. डोळे वर. निवटा खरप्याचाच भाऊबंद आहे. पूर्वी दोघांना एकाच कुळात धरत. अलीकडे रक्तातल्या खुणा तपासून शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुळाच्या वाटण्या केल्या. खरपा एका घरात राहिला, निवटा दुसऱ्यात गेला. पण मूळ घराणे एकच.

एक गोड्या पाण्याच्या तळाशी बसतो. दुसरा खाऱ्या चिखलावर उड्या मारतो. रंग वेगळा, राहणे वेगळे, चाल वेगळी. नुसते वरवर बघणारा त्यांना कधीच भाऊ म्हणणार नाही. ठेवण बघणारा लगेच म्हणेल. वर्गीकरण शिकायचे ते यासाठी.

ओळखून करायचे काय?

आता मुद्द्याचे बोलू. २०११ साली काही अभ्यासकांनी कोयना नदीतल्या माशांची यादी छापली. त्यांना १६ कुळांतले ५८ प्रकार सापडले. अठ्ठावन्न! आपल्या बाजारच्या वहीत त्यातले किती असतात? दहा-बारा असले तरी पुष्कळ झाले. बाकीचे किरकोळ.

आणि पुढच्याच वर्षी, २०१२ साली, आपल्याच सातारा जिल्ह्यात वेणेगावजवळ कृष्णेत सापडलेला एक बोटाएवढा मासा शास्त्राला नवा ठरला. मुऱ्याच्या नात्यातला, दगडांवर राहणारा, शेपटीजवळ रुंद असलेला. जगात कोणाच्याही वहीत त्याची नोंद नव्हती. काठावरच्या लोकांच्या जाळ्यात तो याआधी कधी आलाच नसेल, असे कोण म्हणेल? आला असेल तर किरकोळात गेला असेल.

नदी बदलते आहे. धरणाच्या मागे पाणी थांबले की धारेत राहणाऱ्या माशांची जागा जाते. वाळू उपसली की तळाशी राहणाऱ्या खरप्याचे घर जाते. बाहेरून आणलेली चिलापी वाढली की इथल्या लहान माशांच्या खाण्यावर आणि जागेवर ती हात मारते. यातले काय आपल्या गावात होते आहे आणि काय नाही, हे अंदाजाने सांगता येत नाही. दहा वर्षांपूर्वी इथे खरपा होता का, किती होता, हे सांगणारी वही लागते.

ओळखीचा फायदा पैशातही आहे. थाई मांगूर हा परदेशी मासा पाळायला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. तरी देशी मांगूर म्हणून तो गळ्यात मारणारे भेटतात. ज्याला ठेवण बघायची सवय आहे, त्याला फसवणे सोपे नाही.

वही कशी ठेवाल?

चार आण्यांची वही पूर्वी पुरे होई. आता दहा-वीस रुपयांची घ्या. पानावर या ओळी आखा:

तारीख.
जागा. (गाव, ओढा किंवा नदी, जवळची खूण.)
पाणी कसे? (वाहते की थांबलेले, तळाला वाळू की दगड.)
गावातले नाव. (जसे ऐकले तसेच लिहा. ख असेल तर ख, क असेल तर क.)
लांबी. (बोटाने नको, पट्टीने.)
पोटाखालचे पर: जोडलेले की सुटे?
पाठीवरचे पर: एक की दोन?
मिशा: आहेत की नाहीत?
किती सापडले?
नाव कोणी सांगितले?

शेवटची ओळ गाळू नका. ज्याने सांगितले, त्याचे नाव त्याच्या परवानगीने लिहा. दोनशे वर्षांपूर्वी जे राहून गेले, ते आता राहू नये.

मासा जिवंत असेल तर काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात ठेवा. कुशीकडून, वरून आणि पोटाकडून असे तीन फोटो मोबाईलवर काढा. शेजारी पट्टी ठेवा. मग मासा पाण्यात सोडून द्या. एखादी खूण नीट दिसली नाही, तर "दिसली नाही" असे लिहा. अंदाजाने रकाना भरू नका. चुकीच्या नोंदीपेक्षा रिकामा रकाना बरा. शंका असेल तर वही आणि फोटो घेऊन जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मास्तरांना भेटा. ते आनंदाने बघतील.

एका पावसाळ्याची वही म्हणजे नुसती यादी. पाच पावसाळ्यांची वही म्हणजे नदीची हजेरी. तिच्यावरून सांगता येईल, कोण आहे, कोण कमी झाले, कोण गेले.

नवे शब्द

ठेवण: शरीराची रचना.
पर: माशाचा पोहण्याचा अवयव.
कल्ला: माशाचा श्वास घेण्याचा अवयव.
वर्गीकरण: सारख्या गोष्टी एकत्र लावणे.
कूळ: नात्यातल्या प्राण्यांचा मोठा गट.
वंश: कुळाच्या आतला गट.
जात: वंशाच्या आतला एक प्रकार.

उत्तरे लिहा

१. मासा रंगावरून का ओळखू नये?
२. खरप्याची सर्वांत मोठी खूण कोणती?
३. मरळीचे पिल्लू आणि खरपा यांतले दोन फरक लिहा.
४. मळ्या दगडाला कशाने चिकटतो? खरपा कशाचा आधार घेतो?
५. करपा हे नाव शास्त्रात का टिकले नाही?
६. निवटा आणि खरपा भाऊबंद आहेत, हे कशावरून?

करून बघा

येत्या बाजारच्या दिवशी किरकोळ माशांचा अर्धा किलो वाटा घ्या. घरी परातीत पसरा. ज्यांचे पर जोडलेले आहेत ते एकीकडे, मिशावाले दुसरीकडे, बाकीचे तिसरीकडे लावा. घरातल्या पोरांना मोजायला बसवा. किती प्रकार निघाले, ते वहीत लिहा. मग खुशाल कालवण करा.